झाकलेला चौक

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर काळी राहते. ती धवलेरी आहे. धवलेरी म्हणजे आमच्या डोंगरातली लग्न लावणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, चौकात पालघट देवी बसवायची, वर कापड टाकून तो झाकायचा आणि मग धवलेरीनं गायला बसायचं. त्या गाण्यात कापड निघतं, चौक उघडतो आणि लग्न लागतं. मोखाड्याच्या बाजूला कुठल्याही चार माणसांना विचारा, तुमचं लग्न कुणी लावलं? त्यातले दोघं तरी काळीचं नाव घेतील. आणि त्या काळीचं स्वतःचं लग्न गेल्या वर्षापर्यंत लागलेलं नव्हतं. तिनं पंचाहत्तरी गाठली, नवरा पंच्याऐंशीचा झाला, नात लग्नाला आली, तरी बाई बिनलग्नाची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

यात कुणी नाकं मुरडू नयेत. तिकडं पोरगी आपल्या पसंतीच्या पोराच्या घरी राहायला येते, संसार मांडते, लग्न जमेल तसं मागाहून होतं. कधी कधी आईबाप आणि लेक एकाच मांडवात हळद लावून बसतात. वरातीमागून घोडं असं आपण टिंगलीत म्हणतो, तिकडं ती सोय आहे. पण एक नियम पाळतात. पोराचं लग्न लावायचं तर आधी त्याच्या आईबापाचं लागलेलं पाहिजे. काळीच्या घराचा गळा त्या नियमात अडकला होता.

मी जानकी. जव्हारला राहते आणि ऐतिहासिक प्रेमकथा लिहिते. माझा भाऊ त्यांना 'पालखी आणि पाझर' म्हणतो. त्याचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळं ज्याचा तागा होत नाही ते सगळं त्याला फुकट वाटतं. तर त्या वेळी मी एका नव्या कादंबरीच्या मागे लागले होते. एकोणीसशे एकोणचाळीस साल, महायुद्ध दारात, आमच्या संस्थानात रस्त्याची मोजणी करायला आलेला एक जर्मन आणि डोंगरातली एक पोरगी. ही गोष्ट मला आभाळातून सुचली नव्हती. पोशेऱ्याला एका गोऱ्याचं लग्न अर्धं राहिलं, अशी कुजबुज लहानपणापासून कानावर होती. मी त्याला योहान असं झकास नाव दिलं, एक पांढरा घोडा दिला आणि शेवटी छावणीत तापानं मारलं. वाचक रडले पाहिजेत ना! लग्नाची गाणी तेवढी नीट यावीत म्हणून मी काळीकडं गेले.

दिवस भाद्रपदाचे होते. उतारावर नागली निसवायला लागली होती. काळीचं घर घरकुलातलं, विटांचं, वर पत्रा. मागच्या खोलीतली एक भिंत मात्र जुनीच, कुडाची, कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेली. ती न पाडता नवं घर तिला धरून बांधलेलं. त्या भिंतीवर माझ्या उंचीचं कापड टांगलं होतं. एक विरलं की त्यावर दुसरं, तेही विरलं की त्यावर आणखी एक, असं होत होत ते गोधडीइतकं जाड झालेलं. आणि खाली जमिनीवर बुटांची एक जोडी होती. चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, सुरकुतून गेलेले जुने बूट. त्यांची टोकं भिंतीकडं होती. भिंतीकडं तोंड करून कुणीतरी उभं आहे आणि त्याचे फक्त बूट आपल्याला दिसताहेत, असं मला वाटलं. मी नकळत दाराकडं सरकले.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आमच्या डोकरीचं लगीन," काळी म्हणाली. "अजून चालू हाय."

मी हसले. ती हसली नाही.

डोकरी म्हणजे म्हातारी, इथं तिची सासू, चंदना. तिला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झालेली. चंदनाची आई त्या भागातली नावाजलेली धवलेरी होती, आणि चंदनाचा गळा आईपेक्षाही गोड, असं लोक सांगायचे. मोजणीच्या साखळ्या घेऊन हिंडणारा तो गोरा माणूस पाड्याच्या तोंडी साकळीसाब झाला. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ते कुणी लक्षातही ठेवलं नाही. त्याची बोली हिला कळत नव्हती आणि हिची त्याला. तरी जे व्हायचं ते झालं. मग त्याला खबर लागली की लढाई पेटणार, आणि पेटली की त्याच्या देशाच्या माणसांना इंग्रज उचलून नेणार. पावसात कुणी लग्न लावत नाही. पण साकळीसाबनं हातवारे करून सांगितलं, आत्ताच.

चंदनाच्या आईनं चौक काढला, कापड टाकलं. साकळीसाब मांडवाशी आला. सांगितलं तसे बूट काढले आणि अनवाणी उभा राहिला. गाणं सुरू व्हायच्या आत खालच्या वाटेनं पोलीस वर आले. बूट घालायचीही उसंत त्याला दिली नाही. जाताना तो चंदनाकडं वळून म्हणाला, "येतो." तेवढं मराठी तो शिकला होता.

पुढच्या फाल्गुनात लक्ष्मण जन्मला, घाऱ्या डोळ्यांचा. तोच काळीचा नवरा. चंदना म्हणाली, तो आला की चौक उघडू, तोवर कापडाला कुणी हात लावायचा नाही. आणि घरात एक चौक झाकलेला असताना दुसरा काढता येत नाही. म्हणून लक्ष्मणाचं लग्न लागलं नाही. मग त्याचा मुलगा मुकेश वाढला, त्यानं बायको आणली, त्याचंही राहिलं. एक कापड आणि त्याच्यामागं अडकलेली अख्खी वंशावळ.

"डोकरी मग कायम गप्प," काळीनं सांगितलं. "नवरी आपल्या लगनात गात नाय, बाय. लगीन पुरं होईतो मान खाली घालून बसते. डोकरी जल्मभर नवरी राह्यली. बोलायची, तेपण ओठातल्या ओठात. पण गायली नाय. लावणीला नाय, जात्यावर नाय. पोराला निजवताना पण नाय. माझ्या डोकऱ्यानं आयेचा गळा ऐकलाच नाय."

लक्ष्मण ओटीवर बसून बांबूच्या बेळी, पातळ पट्ट्या, सोलत होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचा हात थांबला होता.

निघताना मी बुटांकडं पुन्हा पाहिलं. ते ओले होते. तळव्याला, टाचेला, शिवणीत चिखल भरलेला.

"हे कोण घालतं?" मी विचारलं.

"कुणी नाय." पत्रा गळतो असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "भादव्यात भरतात. दरसाल. आधी डोकरी पुसायची, आता मी पुसते."

मी वाकून बोटावर थोडा चिखल घेतला. आमच्या डोंगरात माती तांबडी. कुठंही खणा, तांबडीच लागते. ही काळीभोर होती, लोण्यासारखी चिकट. ही माती मी ओळखत होते, कारण माझं सासर नगरचं. नवरा असेपर्यंत तिथल्या शेतात मी तिच्यात घोट्यापर्यंत रुतत चाललेली आहे. आणि लढाई पेटल्यावर इकडच्या जर्मनांना धरून नेऊन ठेवलं होतं ते नगरच्याच छावणीत. हे मी पुस्तकांतून शोधून काढलं होतं, काळीला ते सांगितलंही नव्हतं. मी बोट पदराला पुसलं आणि घरी आल्यावर ती साडी धुवायलाही मला हात लाववेना.

त्या दिवसानंतर मी काळीकडं वारंवार जायला लागले. कादंबरी हे निमित्त. खरं तर त्या खोलीची मला भीती वाटायची आणि भीती वाटायची म्हणूनच जावंसं वाटायचं. कापडाच्या जवळ गेलं की ओल्या पिठाचा वास यायचा, आत्ताच कुणी तांदूळ वाटून ठेवलेत असा. घरातल्या कोंबड्या सगळीकडं फिरायच्या, पण त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन मागं वळायच्या. एकदा भर दुपारी वारा पडलेला असताना ते जाड कापड मधोमध थोडं फुगलं आणि पुन्हा बसलं. मी काळीकडं पाहिलं. ती नागली पाखडत होती. म्हणाली, "बसून बसून डोकरीला कढ येतो मधी मधी."

काळीचीही एक गोष्ट होती, ती तिनं फार उशिरा सांगितली. तिची आईसुद्धा धवलेरी. काळी लक्ष्मणाच्या घरी राहायला आली तेव्हा आई म्हणाली होती, तुझं लगीन मीच गाईन. त्यासाठी आईनं एक गाणं बाजूला ठेवलं होतं, ते ती दुसऱ्या कुणाच्या मांडवात गायची नाही. वाट बघता बघता आई गेली आणि गाणं तिच्याबरोबर गेलं. "दुसऱ्याच्या लगनात तांदूळ टाकायची वेळ आली ना बाय," काळी म्हणाली, "का माझा हात जड होतो. वाटतं, एवढ्या पोरींना हळद लागली, माझ्या अंगाला कधी लागंल?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्या आलं.

माझ्या कादंबरीत साकळीसाब परत येतो का, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, नाही, छावणीत मरतो. ती अशी भडकली की सूप आपटलं.

"लगीन लागल्याबिगर मारलास त्याला? तुला कुणी सांगितलं तो मेला?"

"अगं, पुस्तक आहे ते."

"पुस्तक असू दे नायतर पोथी. अर्ध्या लगनातल्या माणसाला मारू नये. तो जाईल कुठं?"



आता सुशीलचं सांगते. सुशील माझ्या भावाचा मुलगा, फौजेत आहे. रजेवर आला की मोटारसायकलवर मला पोशेऱ्याला सोडायचा. मी आत गाणी टिपून घेत बसायची आणि हा बाहेर काळीच्या नातीशी, मुकेशच्या प्रमिलेशी बोलत बसायचा. प्रमिला नाशिकला नर्सिंग शिकलेली, आजोबांचे घारे डोळे घेऊन आलेली. मी प्रेमकथा लिहिते म्हणून मिरवते, पण नाकासमोर चाललेली मला महिनाभर दिसली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. भावानं आधी आदळआपट केली, जात काढली, डोंगर काढला. मग पोरीला भेटला आणि गप्प झाला. दुकानात उधारी मागायला आलेल्यालाही तो इतक्या लवकर कधी मान तुकवत नाही. लग्न वैशाखात ठरलं.

काळीला हे कळलं तेव्हा ती आनंदली नाही. "शिपाईगडी," एवढंच म्हणाली आणि मागच्या खोलीकडं बघत राहिली.

वैशाख आला, सुशील रजेवर आला आणि आल्या आल्या सीमेवर पेटलं. टीव्हीवर भोंगे वाजायला लागले. दिवे घालवायच्या कवायती झाल्या. जव्हारच्या बाजारात लोक साखर जास्त घ्यायला लागले. सुशीलच्या फोनवर निरोप आला: रजा रद्द, उद्या संध्याकाळपर्यंत निघायचं. तो तसाच पोशेऱ्याला गेला. तो आणि प्रमिला काळीसमोर बसले. उद्या सकाळी लावून दे, म्हणाले.

"नाय," काळी म्हणाली. "लढाईच्या तोंडावरचं अर्धं लगीन ह्या भिंतीनं एकदा बघितलंय. दुसऱ्याला जागा नाय."

सुशीलनं समजावलं की कचेरीत जाऊन सही करता येते, रीतसर लग्न होतं. प्रमिलेनं नाही म्हणून मान हलवली. "सही तू परत आल्यावर करू. पण ह्या घरातनं चौक न उघडता गेले, तर मीपण कापडाकडं बघत म्हातारी होणार. आजी, तू अजून बसलीस ना बघत?"

काळी उठून आत गेली. तिला तोंडात मारल्यासारखं झालं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जव्हारहून निघालो. भाऊ, वहिनी, सुशील, मी, जीपमध्ये हळद, साड्या, पेढे. जामसरच्या बाजूचे दोघं-तिघं नातेवाईकही चढले. काळी हो म्हणालेली नाही हे आम्हाला माहीत होतं, पण मुकेशनं मांडव घातला होता. तो भिवंडीला गोदामात काम करतो, रात्रीच येऊन पोचला होता. जांभळीच्या फांद्यांचा मांडव, खाली शेणानं सारवलेलं अंगण. सगळे काळीची वाट बघत होते आणि काळी मागच्या खोलीत पाट्यावर तांदूळ वाटत बसली होती. कशासाठी वाटतेय हे कुणी विचारलं की आणखी एक मूठ पाट्यावर टाकायची.

भावाचा स्वभाव असा की उशीर झाला की त्याच्या कपाळाची शीर उडते. मला तर तोंड आवरतच नाही. मी तरातरा आत गेले.

"हे बघ काळी," मी म्हटलं, "आमचा पोरगा आज लढाईवर चाललाय. हो म्हण नाहीतर नाही म्हण. आम्ही नवऱ्याकडची माणसं, आम्हाला तेवढं सांग. नवऱ्याला मांडवात कधी आणायचं? गाणं सुरू व्हायच्या आधी, की नंतर?"

"नंतर," काळी वाटता वाटताच म्हणाली. जन्मभर नवऱ्याकडच्यांना सांगितलेलं ते उत्तर होतं, तोंडातून आपोआप आलं. "गाण्यानं बोलवल्याबिगर नवरा उंबरा ओलांडत नाय. तो भायेर उभा राहतो. किती पण वेळ..."

तिचा हात पाट्यावर थांबला.

ती कापडाकडं बघत होती. मग बुटांकडं. मीही पाहिलं. भर वैशाखात, पाऊस महिनाभर लांब असताना, बूट काळ्या चिखलानं भरलेले होते. सकाळी नव्हते, असं नंतर प्रमिला म्हणाली.

"बाय," काळी हळू म्हणाली, "तो आलाय. दरसाल येतोय. भायेर उभा राहतोय. डोकरी म्हणत बसली, तो आल्यावर गाणं म्हणू. तो म्हणत राह्यला, गाणं झाल्यावर आत येऊ." तिनं पिठाचा हात कपाळाला लावला. "डोकरीला गायचं नव्हतं, ती नवरी. तिची आये गेली लवकर. पण मी? मी धवलेरी हाय गं! ह्याच खोलीत निजते. येवढ्या लोकांच्या दारात गायले आन् माझ्या दारातला नवरा ताटकळला."

तो आल्याशिवाय त्या झाकलेल्या चौकापुढं गायचं नाही असं धरलेलं, म्हणून त्या घरात कुणी कधी गायलं नव्हतं. नियम पाळता पाळता त्या घरानं नवऱ्याला दाराबाहेर ठेवलं होतं.

मग काळी उठली. बूट तसेच चिखलाचे उचलून तिनं पाटावर ठेवले. चंदनाची चालायची काठी आढ्याला खोचलेली होती, तिला हळदीत बुडवलेला पंचा गुंडाळून दुसऱ्या पाटावर आडवी ठेवली. सगळ्यांना आत बोलावलं. सुशील, प्रमिला, मुकेश, त्याची बायको, माझा भाऊ, सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. लक्ष्मण उंबऱ्याशी बसला. गाण्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं म्हणून मी पुढं होऊन म्हटलं, "योहान म्हण."

"ते तुझ्या पुस्तकातलं," काळी म्हणाली. "आमच्या दारात आला तो साकळीसाब."

आणि ती गायला लागली.

तिचं गाणं मी कित्येकदा ऐकलं होतं, पण ते सांगून दाखवलेलं. हे गाणं वेगळं होतं. ते बोलावणं होतं. डोंगर उतरून ये, नदी ओलांडून ये, तुझी नवरी बसली आहे, तिची हळद वाळली आहे, साकळीसाब ये. पत्र्यावर ऊन तापत होतं. अंगणातल्या कोंबड्या एकाएकी गप्प झाल्या. आणि मांडवाच्या पलीकडं, सागाच्या वाळक्या पानांवर, पावलं वाजली.

घाई नव्हती त्यांच्यात. पायताण नसलेला माणूस काटे चुकवत चालतो तशी ती पावलं येत होती. मांडवात आली. ओटीवर चढली. उंबऱ्यापाशी थांबली. दारात कुणी नव्हतं. माझ्या भावानं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला.

लक्ष्मण उठला. पंच्याऐंशीचा माणूस, गुडघे धरून उठला. "नवऱ्याचं पाय धुवायला पाणी द्या," म्हणाला. कुणी हलेना, तेव्हा त्यानंच तांब्या घेतला आणि उंबऱ्याबाहेर वाकून सावकाश पाणी ओतलं. पाणी फरशीवर सगळीकडं पसरलं. दोन जागा तेवढ्या कोरड्या राहिल्या. दोन पावलांच्या, बोटांसकट. लक्ष्मण त्या जागांकडं बघत राहिला. त्यानं बापाला कधी पाहिलं नव्हतं आणि आताही त्याला एवढंच दिसत होतं.

काळी गातच कापडं काढू लागली. वरची नायलॉनची साडी, तिच्याखाली सुती, तिच्याखाली धोतराचं पान, मग हात लागताच भुगा होणारी चिरगुटं. शेवटचं कापड मात्र ओलसर आणि जड होतं. ते तिनं उचललं. आतला चौक पांढराशुभ्र होता. पीठ अजून ओलं. एका कोपऱ्यातून त्याचा ओघळ खाली चालला होता, काढणाऱ्या बाईनं आत्ताच हात उचलावा तसा. तांदूळ पडले. मीही टाकले. मी रडत होते, का ते विचारू नका.

गाणं संपलं तेव्हा प्रमिला म्हणाली, "आजी, बूट." पाटावरच्या बुटांची टोकं आता दाराकडं होती. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता.

वेळ भराभर चालली होती. पुढचं लग्न काळी आणि लक्ष्मणाचं. ते लागल्याशिवाय मुकेशचं नाही, आणि मुकेशचं लागल्याशिवाय प्रमिलेचं नाही. पण काळी नवरी, ती गाणार कशी? मुकेश खोडाळ्याच्या धवलेरीला सकाळपासून फोन लावत होता. ती कुठल्या तरी मांडवात बसलेली असणार, फोन नुसता वाजत होता. सुशीलनं घड्याळ पाहिलं. प्रमिलेनं त्याला घड्याळ पाहताना पाहिलं.

"माझं राहू दे," काळी म्हणाली. "गाण्याबिगर तांदूळ टाका आन् पोरीचं घ्या."

"म्हणजे पुन्हा अर्धंच," प्रमिला म्हणाली. "मग माझंपण अर्धंच."

मुकेशच्या बायकोनं तरीही सासूच्या अंगाला हळद लावली. काळी लक्ष्मणाशेजारी जाऊन बसली. मान खाली घातली. ओठ मिटले. पंचाहत्तर वर्षांची ती बाई त्या क्षणी अगदी नव्या नवरीसारखी लाजत होती आणि घाबरलेली होती. आम्ही तांदूळ मुठीत घेऊन उभे राहिलो.

तेव्हा गाणं सुरू झालं.

चौकाच्या बाजूनं ते येत होतं. आधी अगदी बारीक, घसा धरलेलं, पुष्कळ दिवसांत न बोललेल्या माणसाचं असतं तसं. पहिल्या ओळीला अडखळलं. दुसऱ्या ओळीला मोकळं झालं. मग असा गोड गळा लागला की तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. काळीचं नाव घेतलं, लक्ष्मणाचं घेतलं. मी खोलीतल्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं पाहिलं. सगळ्यांचे ओठ मिटलेले होते. नवरी आपल्या लग्नात गात नाही. पण लग्न लागलं की तिला गाता येतं, दुसऱ्याच्या लग्नात गाता येतं, आणि हे तर तिच्या लेकाचं होतं. आम्ही तांदूळ टाकले. पळून जावं असं कुणालाच वाटलं नाही, आणि मागं वळून बघायचा धीरही कुणाला झाला नाही.

गाणं थांबलं. लक्ष्मणाचा सगळा चेहरा ओला झाला होता. त्यानं काळीकडं पाहून लहान मुलासारखं विचारलं, "आयेचा गळा असा व्हता?"

काळीनं हो म्हणून मान डोलावली.

मग काळीच उठली आणि हळदीच्या अंगानं मुकेशचं लग्न लावलं, लगोलग प्रमिला आणि सुशीलचं. आवाज बसेस्तोवर गायली. गाणं संपल्यावर सुशील मांडवाच्या कडेला आला, आपले फौजी बूट पायात घातले, नाड्या बांधल्या. प्रमिला त्या नाड्यांकडं टक लावून बघत होती. जीप खोडाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती वळणावर उभी होती. आम्ही देव पाण्यात घालून बसलो. थोड्या दिवसांनी सीमेवरचं थांबलं आणि आषाढात सुशील रजेवर आला तो धडधाकट. आल्यावर दोघांनी कचेरीत सहीही केली.

भाद्रपदात मी पुन्हा पोशेऱ्याला गेले. मुद्दामच गेले. बूट मागच्या खोलीत नव्हते. कुणी टाकले का, विचारलं तर काळी म्हणाली, "नवरा जाताना पायताण घालून जातो, बाय." कुडाची भिंत तिनं शेणानं सारवून काढली होती. पिठाचा वास नव्हता. कोंबड्या खुशाल आत फिरत होत्या.

लक्ष्मण त्या भिंतीला कान लावून बसला होता. मी हाक मारली तरी हलला नाही.

"रोज बसतो," काळी हळू म्हणाली. "अजून येकदा गाईल म्हणून. मी किती सांगते, अरे बाबा, नवरी सासरी गेली. नाय ऐकत." ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या शेजारी तिनंही भिंतीला कान लावला.